एकशे एकतीस

एप्रिल १९४५. म्युनिकच्या फ्राइमान भागातल्या एका कागद गिरणीत ट्रकांमागून ट्रक रद्दी घेऊन येऊ लागले. सगळी मिळून सुमारे ५० टन. ताबडतोब लगदा करा, असा नाझी पक्षाचा हुकूम होता. गिरणी चालवणारे हान्स हूबर यांनी गठ्ठे पाहिले, तर ती पक्षाच्या सभासदांची कार्डं निघाली. नाव, जन्मतारीख, व्यवसाय, पत्ता, पक्षात कधी आला, सभासद क्रमांक किती. हूबर यांनी लगदा केला नाही. आज करतो, उद्या करतो म्हणत त्यांनी ते गठ्ठे दुसऱ्या रद्दीच्या ढिगाखाली दडवले. महिना सरता सरता अमेरिकी फौज शहरात शिरली. या रद्दीचं मोल अमेरिकी अधिकाऱ्यांच्या ध्यानात यायला आणखी काही महिने गेले. आलं तेव्हा कळलं की एक कोटीहून जास्त कार्डं हाती लागली आहेत.

जिंकलेल्यांना जे हवं होतं ते असं आयतं मिळालं. युद्ध संपताना पक्षाचे सुमारे ८५ लाख सभासद होते. आता यादी घ्यायची, एकेकाला नोकरीतून, खुर्चीतून बाजूला काढायचं आणि देश साफ करायचा, एवढंच उरलं होतं असं वाटावं. पोट्सडामला जुलै-ऑगस्ट १९४५ मध्ये बसलेल्या विजेत्यांनी तसं ठरवलंही होतं. इंग्रजीत त्याला 'डीनाझिफिकेशन' म्हणतात. आपण नाझीमुक्ती म्हणू. हरलेल्या समाजाच्या डोक्यातून एक विचारसरणी काढून टाकण्याचा एवढा मोठा प्रयत्न त्याआधी झालेला नव्हता. त्याची गोष्ट सांगताना बहुतेकदा शेवट आधीच माहीत असतो, की आजचा जर्मनी बघा, जमलं! मला मात्र त्यातली मधली वीस वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या वीस वर्षांत ते जमलेलं नव्हतं.

जे डोळ्यांना दिसतं ते पुसणं सोपं असतं, आणि ते झपाट्यानं झालं. सप्टेंबर १९४५ मध्ये मित्रराष्ट्रांच्या नियंत्रण मंडळानं आपल्या पहिल्याच कायद्यानं नाझी राजवटीचे पायाभूत कायदे रद्द केले. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या कायद्यानं पक्ष आणि त्याच्या साऱ्या शाखा बेकायदा ठरवल्या. चौकांवरची हिटलरची नावं उतरली. नवी तिकिटं छापून होईपर्यंत काही टपाल कचेऱ्यांनी जुन्याच तिकिटांवरचा हिटलरचा चेहरा काळ्या शाईनं झाकून ती विकली. कचेऱ्यांतल्या कित्येक टाइपरायटरांवर हिटलरच्या एसएस दलाची विजेसारखी दोन अक्षरं उमटवणारी वेगळी कळ होती. इतक्या बारीक सांदीकोपऱ्यात ती राजवट जाऊन बसली होती. म्युनिकला ६ ऑक्टोबर १९४५ रोजी 'स्युडडॉयचे त्साइटुंग' हे नवं वृत्तपत्र निघालं, तेव्हा हिटलरच्या 'माइन काम्फ'चे छपाईचे शिशाचे साचे वितळवून त्या शिशातून पहिल्या अंकाची प्लेट ओतली गेली.

शाळांचं काम याहून अवघड होतं. नाझी काळातल्या गणिताच्या पुस्तकात मनोरुग्णांना पोसण्याचा खर्च मांडून, त्या पैशांत निरोगी कुटुंबांसाठी किती घरं बांधून झाली असती, असं विचारणारी उदाहरणं होती. बेरीज-भागाकार शिकता शिकता मूल हेही शिकत होतं की काही माणसं वजाबाकीच्या खात्यातली असतात. ही पुस्तकं मागे घेतली. मग शिकवायचं कशातून? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजच्या ग्रंथालयात हिटलरपूर्व काळातली जर्मन क्रमिक पुस्तकं होती. त्यांतली निवडून पुन्हा छापली. शिक्षक मात्र छापून मिळत नाहीत. नाझी शिक्षक संघटनेत बहुतेक सगळेच होते. विजेत्यांनी देश आपसांत वाटून घेतला होता; त्यांतल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या विभागात शिक्षकांची मोठी संख्या कामावरून काढली गेली, निवृत्तांना परत बोलावलं गेलं, आणि एकेका वर्गात मुलं कोंबून १९४५च्या शरद ऋतूत शाळा सुरू झाल्या.

मोठ्या माणसांसाठी 'फ्रागेबोगेन' आला, म्हणजे प्रश्नावली. अमेरिकी विभागातल्या या प्रश्नावलीत १३१ प्रश्न होते. उंची, वजन, अंगावरचे व्रण, धर्म, कोणकोणत्या संघटनांत होतात, १९३२च्या नोव्हेंबरात मत कुणाला दिलंत, तुमच्या किंवा तुमच्या बायकोच्या घराण्यात सरदारकी होती का. खोटं लिहिलं तर शिक्षा. ही प्रश्नावली जर्मनांच्या मनात इतकी सलली की १९५१ मध्ये एर्न्स्ट फोन सालोमोन या उजव्या विचारांच्या लेखकानं याच नावाची कादंबरी लिहिली, एकेका प्रश्नाला खोचक, लांबलचक उत्तरं देत, आणि ती प्रचंड खपली.

मार्च १९४६ मध्ये नाझीमुक्तीचं काम जर्मनांकडेच सोपवणारा कायदा झाला. अमेरिकी विभागात पाचशेहून जास्त 'श्प्रुखकामर', म्हणजे स्थानिक निवाडा समित्या बसल्या. माणसांच्या पाच वर्गवाऱ्या ठरल्या: मुख्य दोषी, दोषी, कमी दोषी, 'मिटलॉयफर' आणि निर्दोष. यातला मिटलॉयफर हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. सोबत चालणारा, वारा येईल तशी पाठ फिरवणारा, चार जण गेले म्हणून गेलेला.

समितीपुढे आरोपीनं साक्षीपुरावे आणायचे होते, आणि ते सगळ्यांनी आणले. पाद्री, शेजारी, जुने सहकारी, एखादा वाचलेला ज्यू ओळखीचा असला तर तोही. साऱ्यांनी लिहून दिलं की हा मनानं कधीच नाझी नव्हता. लोकांनी या पत्रांना 'पर्झिलशाइन' नाव ठेवलं. पर्झिल ही तिथली घराघरातली कपडे धुण्याची पावडर, आपल्याकडे निरमा असावी तशी. पत्र आणलं की माणूस धुऊन पांढरा. एक काळ असा आला की ज्यानं तुझ्यासाठी पत्र दिलं त्याच्यासाठी तू द्यायचं.

त्यात कामाचा क्रमही उलटा लागला. किरकोळ प्रकरणं सोपी म्हणून आधी घेतली, आणि गंभीर प्रकरणं मागे पडली. ती पुढ्यात आली तोवर १९४८ उजाडलं होतं, रशियाशी शीतयुद्ध सुरू झालं होतं, आणि अमेरिकेला आता न्यायापेक्षा पश्चिम जर्मनी आपल्या बाजूला हवा होता. म्हणजे गावच्या पोस्टमननं १९४६ मध्ये जेवढं सोसलं तेवढं बड्या अधिकाऱ्याला १९४८ मध्ये सोसावं लागलं नाही. शेवटचे आकडे बोलके आहेत. अमेरिकी विभागात एक कोटी तीस लाखांहून जास्त लोकांनी अर्ज भरले. त्यांपैकी मुख्य दोषी ठरले सुमारे १,६५०. मिटलॉयफर ठरले पावणेपाच लाखांहून अधिक. इतिहासकार लुट्झ नीटहामर यांनी पुढे या सगळ्या यंत्रणेला 'मिटलॉयफरांचा कारखाना' म्हटलं, ते उगाच नाही.

इथे आपल्या ओळखीचा एक धागा येतो. 'युगान्त'च्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या, तेव्हा कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर. माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंत जो थोडा फरक असतो त्याचा वंशाशी संबंध आहे, हे फिशर यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं आपल्या गुरूच्याच संस्थेत बसून लिहिलं. विशीतली, परक्या देशातली, परक्या भाषेत लिहिणारी एक मराठी मुलगी. पुढे १९३३ मध्ये हे फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि वंशशास्त्राच्या नावाखाली राजवटीला जे जे हवं होतं त्याला त्यांच्या संस्थेनं शास्त्राचा शिक्का दिला. त्यांच्यानंतर संस्थेची सूत्रं ओटमार फोन फेर्शुअर यांच्याकडे आली. आउशवित्झचा डॉक्टर योझेफ मेंगेले हा त्यांचाच शिष्य. छळछावणीतून रक्ताचे नमुने या संस्थेत येत होते.

नाझीमुक्तीनं या दोघांचं काय केलं? फेर्शुअर मिटलॉयफर ठरले. दंड ६०० मार्क. १९५१ मध्ये म्युन्स्टर विद्यापीठात ते मानवी आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. फिशर यांना १९५२ मध्ये जर्मन मानववंशशास्त्र संस्थेनं सन्माननीय सदस्यत्व दिलं. इरावतीबाई तेव्हा पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकवत होत्या. त्यांच्या प्रबंधानं जे नाकारलं होतं, ते नाकारायला त्यांच्या गुरूंना कुणी कधी भाग पाडलं नाही. प्रश्नावलीतल्या १३१ प्रश्नांत 'तुम्ही माणसांविषयी काय मानता' हा प्रश्नच नव्हता.

लोक काय मानत होते ते दुसऱ्या मार्गानं कळत होतं. अमेरिकी लष्करी प्रशासन आपल्या विभागात नियमित जनमत चाचण्या घेत असे. 'नाझीवाद ही मुळात चांगली कल्पना होती, पण ती वाईट रीतीनं राबवली गेली', याला नोव्हेंबर १९४५ ते डिसेंबर १९४६ या काळात सरासरी ४७ टक्के लोकांनी होकार दिला. ऑगस्ट १९४७ मध्ये हा आकडा ५५ झाला. बड्या नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्गचा खटला संपला होता, छळछावण्यांची छायाचित्रं आणि चित्रपट दाखवून झाले होते, आणि आकडा वर गेला होता. मधला हिवाळा भयंकर उपासमारीचा होता, हे त्याचं एक कारण. ज्याच्या घरात कोळसा नाही आणि रेशनवर पोट भरत नाही, त्याला आपण कुणाचं काय केलं यापेक्षा आपल्याला कुणी काय केलं हे आधी आठवतं.

दाखवण्याच्या ताकदीला किती मर्यादा आहे, हे तर अगदी सुरुवातीलाच दिसलं होतं. १६ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्यानं वायमारच्या हजारभर नागरिकांना टेकडीवरच्या बुखेनवाल्ड छळछावणीत चालत नेलं. वायमार म्हणजे गटे आणि शिलर यांचं गाव. प्रेतांचे ढीग, भट्ट्या, हाडांचे सापळे झालेले जिवंत कैदी. काही रडले, काहींना भोवळ आली, आणि बहुतेकांनी सांगितलं की आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. छावणी गावापासून दहा किलोमीटरसुद्धा नव्हती. ते खोटं बोलत होते असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. माहीत असूनही माहीत न होण्याची एक तऱ्हा असते, आणि बारा वर्षं ती अंगवळणी पडली की एका दुपारच्या दृश्यानं सुटत नाही.

भाषेत काय उरलं हे एका माणसानं फार बारकाईनं पाहिलं. व्हिक्टर क्लेम्परर हे ड्रेस्डेनचे फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक, जन्मानं ज्यू. १९३५ मध्ये नोकरी गेली, मग ग्रंथालय बंद झालं. पत्नी एफा ज्यू नसल्यामुळे ते जेमतेम जिवंत राहिले. वाचायला पुस्तकं नाहीत म्हटल्यावर त्यांनी भोवतालची बोली वाचायला घेतली. रेडिओ, मृत्यूच्या जाहिराती, दुकानदाराचं बोलणं असं सगळं ते डायरीत टिपत, आणि एफा ती पानं जिवावर उदार होऊन एका डॉक्टर मैत्रिणीकडे लपवायला नेत. १९४७ मध्ये त्यातून 'एलटीआय', म्हणजे 'तिसऱ्या राइखची भाषा' हे पुस्तक आलं. त्यांचं एक निरीक्षण असं की 'फनाटिश', म्हणजे माथेफिरू, हा जर्मनमध्ये निंदेचा शब्द होता; नाझींनी तो स्तुतीचा केला. माथेफिरू निष्ठा, माथेफिरू श्रद्धा. 'खास वागणूक' म्हणजे ठार मारणं. असे शब्द भाषणांतून फारसे पसरत नाहीत. रोज थोडे थोडे पोटात जातात आणि नंतर आपलेच वाटतात. युद्धानंतर क्लेम्परर रशियाच्या ताब्यातल्या भागातच राहिले, आणि डायरीत कष्टानं नोंदवत गेले की नव्या, फॅसिझमविरोधी म्हणवणाऱ्या राजवटीच्या बोलण्यातही तेच वळण त्यांना ऐकू येतंय.

त्या पूर्व भागातली नाझीमुक्ती दिसायला जास्त कडक होती. न्यायाधीश, शिक्षक मोठ्या प्रमाणावर बदलले गेले. पण रशियनांनी उघडलेल्या खास छावण्यांत सव्वा लाखाच्या आसपास जर्मन कोंडले गेले आणि चाळीस हजारांहून जास्त मेले. त्यांतली एक छावणी बुखेनवाल्डच्याच कुंपणात होती. नाझी तिथे होतेच, शिवाय नव्या सत्तेला नको असलेले इतरही होते. आणि १९४८ मध्ये तिथेच माजी नाझींना सामावून घेण्यासाठी एक वेगळा पक्षही काढून दिला गेला. पूर्व जर्मनीनं पुढे गुन्ह्याचा सगळा वारसा पश्चिमेच्या नावावर लिहून टाकला. आपल्या आजोबांना प्रश्न विचारायची गरजच तिथे कुणाला भासू दिली गेली नाही.

पश्चिमेत १९४९ मध्ये नवं राज्य आलं. त्याच्या घटनेचं पहिलं कलम मानवी प्रतिष्ठेचं, आणि ते कुठल्याही बहुमताला रद्द करता येणार नाही अशी तरतूद. लोकशाहीच्या मुळावर येणाऱ्या पक्षावर बंदी घालण्याचा अधिकार घटना न्यायालयाला दिला, आणि १९५२ मध्ये एका नव-नाझी पक्षावर तो वापरलाही गेला. हे पक्कं बांधकाम होतं. पण त्याच घटनेत आणखी एक कलम होतं, आणि योगायोग असा की त्याचा क्रमांकही १३१. युद्धानंतर सरकारी नोकरी गेलेल्यांचं काय करायचं ते कायद्यानं ठरवावं, असं ते सांगत होतं. १९५१च्या मे महिन्यात तो कायदा झाला आणि काढून टाकलेल्यांपैकी बहुतेक सगळे परत आले. लोक त्यांना 'एकशेएकतीसवाले' म्हणू लागले. १३१ प्रश्न विचारून बाहेर काढलेले १३१व्या कलमानं आत आले. संसदेत विरोधी मत एकही पडलं नाही.

न्याय मंत्रालयाचा हिशेब २०१६ मध्ये बाहेर आला: १९४९ ते १९७३ या काळातल्या १७० वरिष्ठ कायदेतज्ज्ञ अधिकाऱ्यांपैकी ९० जण नाझी पक्षात होते. चान्सलर कोनराड आडेनाउअर यांचा उजवा हात हान्स ग्लोब्के तर याहून बोलका दाखला आहे. ज्यूंना माणसांतून उठवणाऱ्या न्यूरेंबर्ग वंशकायद्यांवर अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांपैकी हा एक, आणि १९५३ ते १९६३ चान्सलर कार्यालयाचा सर्वोच्च अधिकारी. गंमत नव्हे, गांभीर्यानं सांगतो: ग्लोब्के पक्षाचे सभासद नव्हते. त्यांनी अर्ज केला होता, तो पक्षानंच फेटाळला. हूबर यांनी वाचवलेल्या कोटभर कार्डांत पक्षाचा सभासद म्हणून हे नाव सापडणार नव्हतं.

तत्त्वज्ञ हेर्मान ल्यूबे यांनी १९८३ मध्ये एक मत मांडलं, ज्यावर आजही वाद चालतो. त्यांचं म्हणणं असं की पन्नाशीच्या दशकातलं मौन हेच औषध होतं. लाखो माणसांना कोपऱ्यात ढकललं असतं तर ती नव्या लोकशाहीची वैरी झाली असती. जुनं उकरलं नाही, म्हणून ती निमूटपणे तिच्यात मुरली. यात तथ्य नाही असं नाही. इराकमध्ये मे २००३ मध्ये अमेरिकेनं जर्मनीचं उदाहरण मनात ठेवून सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार थरांतल्यांना नोकरीबाहेर काढलं, आठवड्याभरात अख्खं सैन्य विसर्जित केलं, आणि हाताला काम नसलेली, शस्त्र चालवता येणारी ती माणसं पुढे कुठे गेली ते जगानं पाहिलं. १९४५चा फ्रागेबोगेन अमेरिकेला आठवला, १९५१ आठवलं नाही.

तरीही ल्यूबे यांचा हिशेब मला पुरा पटत नाही, कारण त्या मौनाची किंमत चुकवणारे वेगळेच होते. छावणीतून परतलेल्याला नुकसानभरपाईच्या अर्जासाठी ज्या टेबलासमोर उभं राहावं लागे, त्यामागे 'एकशेएकतीसवाला' बसलेला असू शकत होता. १९५१च्या एका चाचणीत, जर्मनीचे सर्वांत चांगले दिवस कोणते, याला ४२ टक्के लोकांनी हिटलरच्या सत्तेची युद्धापूर्वीची वर्षं हे उत्तर दिलं. आजचे दिवस म्हणणारे होते दोन टक्के. या मौनात लोकशाही रुजली असेल, पण तिच्या शेजारी दुसरंही काही ओलं राहिलं.

ते मौन फोडलं फ्रिट्झ बाउअर यांनी. ज्यू, समाजवादी, १९३३ मध्ये छळछावणीत डांबलेले, मग डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये दिवस काढून १९४९ मध्ये परतलेले. का परतले असतील, याचा विचार मी अनेकदा करतो. १९५६ पासून ते हेसे राज्याचे महाअभियोक्ता होते. ज्यूंना मृत्युछावण्यांत पाठवण्याची व्यवस्था पाहणारा आडोल्फ आइशमन अर्जेंटिनात आहे ही खबर त्यांनी आपल्या सरकारला न सांगता इस्रायलला दिली. आपल्याच कचेऱ्यांतून ती आइशमनपर्यंत फुटेल अशी त्यांना भीती होती. आणि डिसेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टला त्यांच्या प्रयत्नानं आउशवित्झचा खटला उभा राहिला. न्यूरेंबर्गला परक्यांनी बड्यांचा न्याय केला होता. इथे जर्मन कायद्यानं, जर्मन न्यायालयात, आउशवित्झमध्ये काम केलेल्या, ओळखीपाळखीच्या माणसांवर आरोप ठेवले गेले. आरोपींत औषधांचं दुकान चालवणारा होता, व्यापारी होता, दातांचा डॉक्टर होता. वीस वर्षं शेजारी म्हणून राहिलेली, कर भरणारी माणसं. छावणीतून वाचलेल्या दोनशेहून जास्त जणांनी साक्षी दिल्या. खटला बघायला वीसेक हजार लोक येऊन गेले, त्यांत शाळेचे वर्गच्या वर्ग होते. १९४५ मध्ये वायमारकरांना बंदुकीच्या धाकानं टेकडीवर नेलं होतं. ही मुलं आपणहून बाकांवर बसून ऐकत होती, आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर विचारत होती की बाबा, तुम्ही तेव्हा कुठे होता?

त्या प्रश्नानं घरं फाटली. पुढची पंधरा वर्षं तो प्रश्न रस्त्यावर, विद्यापीठांत, संसदेत फिरत राहिला. १९७९च्या जानेवारीत 'होलोकॉस्ट' ही अमेरिकी मालिका पश्चिम जर्मनीत सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिली आणि त्याच जुलैमध्ये संसदेनं खुनाच्या गुन्ह्यावरची मुदतमर्यादा कायमची उठवली.

बाउअर १९६८ मध्ये गेले. त्यांची एक मागणी फ्रँकफुर्टच्या न्यायालयानं मानली नव्हती. मृत्यूचा कारखाना हे एकच कृत्य आहे, त्यात कुठलंही काम करणारा खुनात भागीदार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाला प्रत्येकाचा वेगळा, स्वतःच्या हातचा गुन्हा हवा होता. त्यामुळे पुढची चाळीस-पन्नास वर्षं हजारो जण सुटले. २०११ मध्ये म्युनिकच्या एका निकालानं ती वाट बदलली, आणि मग उरलेसुरले शोधायला सुरुवात झाली, ऐंशी-नव्वदीच्या घरातले.

डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर जर्मनीतल्या इट्झेहो गावच्या न्यायालयानं ९७ वर्षांच्या एका बाईला दहा हजारांहून जास्त खुनांना साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवलं. १९४३ ते १९४५ ती श्टुटहोफ छळछावणीच्या कमांडंटची टायपिस्ट होती. तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती, म्हणून खटला बाल न्यायालयात चालला. पन्नासच्या दशकात तिनं त्याच कमांडंटच्या चौकशीत साक्ष दिली होती, आणि साक्ष देऊन घरी गेली होती. २०२१ मध्ये खटल्याच्या पहिल्या दिवशी ती वृद्धाश्रमातून टॅक्सी करून पळाली. काही तासांत सापडली. मग चौदा महिने चाकांच्या खुर्चीत बसून ती ऐकत राहिली. छावणीतून वाचलेली, तिच्याच वयाची माणसं साक्ष द्यायला येत होती. अगदी शेवटी ती पहिल्यांदा बोलली. जे झालं त्याचं वाईट वाटतं, म्हणाली, आणि त्या काळात आपण श्टुटहोफमध्ये होतो याचा पश्चात्ताप होतो. दोन वर्षांची शिक्षा झाली, स्थगित. त्या कमांडंटच्या कचेरीतून दोन वर्षांत किती पत्रं बाहेर पडली आणि त्यांतली किती तिच्या बोटांखालून गेली, याचीही चौकशी न्यायालयानं केली होती.